ऑइलचा लाल दिवा इतक्या उशिरा का लागतो?

डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं लाल चित्र उमटलं की बहुतेकांना वाटतं, ऑइल थोडं कमी झालंय, सवडीने गॅरेजला दाखवू. पण तो दिवा ऑइलची पातळी मोजतच नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर एक साधा स्विच बसवलेला असतो. त्याला फक्त ऑइलचा दाब कळतो, आणि तोही एवढ्यापुरता, की दाब ठरलेल्या किमान रेषेच्या वर आहे की खाली. बहुतेक गाड्यांत ही रेषा अर्ध्या बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा दाब) आसपास किंवा त्याहूनही खाली असते. गरम इंजिन रस्त्यावर नेहमीच्या वेगात चालू असताना दाब साधारण तीन-चार बार असतो. म्हणजे दाब घसरत घसरत एक बारवर आला तरी दिवा गप्पच. काही नव्या गाड्यांत पातळी मोजणारा वेगळा सेन्सर असतो, पण त्याचा इशारा सहसा पिवळा असतो आणि लाल दिव्याशी त्याचा संबंध नसतो. लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. दुसरा सल्ला नाही.

विचित्र गोष्ट अशी, की दिवा लागण्याआधी वर्ष-दोन वर्षं गाडी बिनतक्रार धावलेली असते आणि दिवा लागल्यावर काही मिनिटांत इंजिन उतरवायची वेळ येते. हेळसांड इतकी संथ आणि शेवट इतका झटपट का, याचं उत्तर ऑइलच्या एका अतिशय पातळ थरात दडलंय.

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की ऑइल म्हणजे धातूवरचा बुळबुळीत लेप. दोन भाग एकमेकांवर घासतात आणि ऑइलमुळे जरा कमी घासतात. धडधाकट इंजिनाच्या क्रँकशाफ्टबद्दल, म्हणजे पिस्टनच्या रेट्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याबद्दल, हे खरं नाही. एकदा इंजिनाने वेग घेतला की तिथे धातू धातूला टेकतच नाही. शाफ्ट ऑइलवर तरंगत असतो.

हे कळलं तेही अपघातानेच. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हा इंग्लिश इंजिनिअर इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेसाठी रेल्वेच्या आसांना वंगण कसं द्यावं याचे प्रयोग करत होता. फिरणाऱ्या आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग, म्हणजे आसाला आधार देणारी वाटी, आणि बेअरिंगवर वजन, अशी मांडणी होती. बेअरिंगला वरून तेल सोडता यावं म्हणून एक भोक पाडलेलं होतं. यंत्र सुरू केलं, तर तेल भोकातून आत जायचं सोडून बाहेर उसळायला लागलं. भोकाला बूच मारलं, तर बूच वर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तेव्हा काटा २०० पौंड प्रति चौरस इंचाच्या पलीकडे गेला. वजनाच्या हिशेबाने सरासरी दाब त्याच्या निम्मा, १०० च्या आसपास यायला हवा होता. आणि पंप तर कुठे नव्हताच.

मग हा दाब आला कुठून? तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आस बेअरिंगच्या बरोबर मध्यावर फिरत नाही. तो किंचित एका अंगाला सरकून फिरतो, त्यामुळे दोहोंमधली फट एकीकडे रुंद असते आणि पुढे निमुळती होत जाते. आसाला चिकटलेलं तेल त्याच्याबरोबर ओढलं जातं आणि त्या निमुळत्या जागेत कोंबलं जातं. तिथे दाब चढतो आणि तोच आसाला उचलून धरतो. भर पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं आणि ब्रेक लागेनासा होतो, तिथेही नेमकं हेच घडतं. रस्त्यावर ते संकट असतं. बेअरिंगमध्ये मात्र त्याच्याच भरवशावर सगळं चालतं.

आजच्या कारच्या इंजिनात हा खेळ किती बारीक मापात चालतो ते बघा. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधली फट असते ढोबळमानाने मिलिमीटरचा विसावा भाग. भार पडतो तेव्हा तरंगत्या थराची सर्वांत पातळ जागा एखाद-दोन मायक्रॉनवर येते, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या-पाचशेव्या भागावर. आणि त्यावर भार किती? ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर जळत्या मिश्रणाचा दाब १०० बारपर्यंत गेला, तर पाच टनांचा रेटा पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमधून थेट बेअरिंगवर येतो. डिझेलमध्ये तो आणखी जास्त. हा रेटा पेलताना थरातला दाब शेकडो बारवर जातो. ऑइल पंप देतो तीन-चार बार. उचलून धरायचं काम शाफ्ट फिरता फिरता स्वतःच करतो, पंपाकडे फक्त पुरवठा असतो. पण बेअरिंगच्या कडांमधून ऑइल सतत निसटत असतं, त्यामुळे पुरवठा तुटला की थर काही सेकंदांचाच सोबती.

थर किती जाड राहणार हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: ऑइलचा दाटपणा, फिरण्याचा वेग आणि वरचा भार. वेग आणि भार चालवणाऱ्याच्या पायाखाली असतात. दाटपणा ऑइलच्या तब्येतीवर अवलंबून. इंजिन बनवणारे या तिन्हींचा हिशेब करून बरीच शिल्लक ठेवतात. ऑइल थोडं पातळ झालं, थोडं मळलं, थोडं कमी झालं, तरी थर तुटत नाही. म्हणूनच गाडी तक्रार करत नाही. हेळसांड या शिलकीवर जगत असते, आणि शिल्लक किती उरली हे दाखवणारा काटा कुठल्याच डॅशबोर्डवर नसतो.

अर्थात, इंजिनात सगळीकडेच असं तरंगणं जमत नाही. पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकाला क्षणभर थांबतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात हे सेकंदाला १०० वेळा होतं. थांबला की ऑइल ओढणारा वेगच नाही, म्हणून तिथे थर विरतो. सिलिंडरची सर्वांत जास्त झीज पिस्टनभोवती बसवलेल्या वरच्या रिंगच्या या थांब्याजवळच सापडते. काही इंजिनांत झडपा उघडणाऱ्या कॅमचं नाक टॅपेटवरून घासत जातं, तिथेही तेच. आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला, ऑइल वरपर्यंत पोचेतो, सगळीकडेच. अशा जागी ऑइलमधली रसायनं धातूला वाचवतात. त्यांत सर्वांत जुनं-जाणतं आहे झिंक डायथायोफॉस्फेट. १९४० च्या दशकापासून ते वापरात आहे. घर्षणाची उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर काचेसारखा फॉस्फेटचा पापुद्रा बसवतं, साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा. धातूच्या जागी हा पापुद्रा झिजतो आणि पुन्हा बसतो. पुन्हा बसण्यासाठी लागणारा माल ऑइलमध्ये मोजकाच असतो, आणि तो संपतो.

आता प्रश्न येतो, ऑइल जुनं होतं म्हणजे नेमकं काय होतं. मूळ तेल फारसं झिजत नाही. वापरलेलं ऑइल कारखान्यात शुद्ध करून त्यातून पुन्हा चांगलं मूळ तेल काढता येतं. संपतात ती त्यातली रसायनं, आणि साचते ती घाण.

पहिला शत्रू उष्णता आणि हवा यांची जोडी. गरम ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी सुरू होते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी १२० अंशांवर राबणारं ऑइल आठपट वेगाने म्हातारं होतं. पिस्टनच्या वरच्या रिंगपाशी तर तापमान २०० अंशांच्या वर असतं. ही साखळी तोडणारी रसायनं ऑइलमध्ये घातलेली असतात आणि ती स्वतः खर्ची पडत ऑइलला वाचवतात. ती शिल्लक असेतो ऑइल जवळजवळ पहिल्यासारखंच वागतं. संपली, की त्याच ऑइलला दाट, आम्लयुक्त, डांबरासारखं व्हायला फार वेळ लागत नाही. थराच्या बाबतीत जे दिसलं तेच इथेही आहे: आधी दीर्घ शांतता, मग घसरगुंडी.

दुसरा शत्रू पाणी, आणि हा लोकांना खरा वाटत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण जळलेला थोडा वायू रिंगांच्या फटीतून नेहमीच खाली ऑइलकडे जातो आणि त्याच्याबरोबर वाफ, नायट्रोजनची ऑक्साइडं, न जळलेलं इंधन आणि काजळीही जाते. इंजिन पुरेसं तापलं तर पाणी उडून जातं. दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद, पुन्हा दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद, अशा गाडीत ऑइल कधी नीट तापतच नाही. पाणी आत राहतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून आम्ल बनवतं. इंधनात गंधक असेल तर त्याचंही आम्ल होतं. ते मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमची अल्कधर्मी संयुगं असतात, तीही मोजकीच. ती संपली की आम्लाचा मोर्चा बेअरिंगमधल्या शिसं आणि तांब्याकडे वळतो.

म्हणूनच सर्व्हिसच्या पुस्तिकेत किलोमीटरबरोबर महिनेही छापलेले असतात आणि ‘जे आधी येईल ते’ असं म्हटलेलं असतं. ‘माझी गाडी फिरतच नाही, वर्षात ऑइल कशाला बदलू’ हे म्हणणं म्हणूनच उलटं आहे. थोडं थोडं फिरणारी गाडी ऑइलला लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा जास्त छळते. वाहतूक कोंडीत तासन्‌तास चालू राहणाऱ्या इंजिनाचंही तसंच: किलोमीटर वाढत नाहीत, पण ऑइल राबत असतं.

इंधन ऑइलमध्ये मिसळलं की ते पातळ होतं. काजळी आणि ऑक्सिडीकरणाने ते दाट होतं. मग हिशेब बरोबर, असं कुणी म्हणेल. पण बिघडलेल्या दोन गोष्टी मिळून एक चांगली होत नाही, रसायनं तर दोन्हींकडून संपतात. यात डिझेल गाड्यांचा एक खास प्रकार सांगायलाच हवा. काजळी पकडणारा फिल्टर स्वच्छ करण्यासाठी अनेक इंजिनं अधूनमधून जादा डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतात. हे काम मध्येच तुटत राहिलं, तर डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये जातं. ऑइल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, पातळी वाढलेली दिसते. मालक खूश होतो की गाडी थेंबभरही ऑइल खात नाही. खरं तर त्याच्या इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमध्ये पातळ डिझेलमिश्रित ऑइल साठत चाललेलं असतं.

मल्टिग्रेड ऑइल वेगळ्याच कारणानेही पातळ होतं. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडमधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा (विंटर). थंडीत पातळ राहणारं ऑइल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक पॉलिमर घातलेले असतात. ते ताप चढला की पसरतात आणि ऑइलला दाटपणा देतात. बेअरिंग, पंप, चेन यांच्यात पिळून निघताना हे लांब रेणू हळूहळू तुटतात.

काळ्या रंगाबद्दल मात्र उगाच घाबरू नये. डिझेलमध्ये नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, कारण त्यातली रसायनं काजळीचे कण सुटे सुटे ठेवून सोबत वागवतात. तेच त्यांचं काम. बोटाला घेऊन ‘चिकटपणा आहे अजून’ असं सांगणाऱ्याकडे मी फार आदराने बघत नाही. दाटपणातला फरक बोटाला कळेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

काजळी सुटी ठेवण्याची ताकद संपली, की कण एकमेकांना धरतात. त्यांत पाणी आणि बिघडलेलं ऑइल मिसळून काळा, लिबलिबीत गाळ होतो. गरम भागांवर तोच भाजून तपकिरी, लाखेसारखा थर बसतो. गाळ आधी इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, झाकणाखाली साचतो, जिथे ऑइल संथ वाहतं. मग तो खाली चेंबरात उतरतो आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर बसतो. जाळी अर्धी बुजली तरी इंजिन चालतं. पण थंडीत, ऑइल दाट असताना, किंवा वेग वाढवताना पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही. फिल्टरचंही तसंच. तो चोंदला तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून त्यात एक बायपास झडप असते. ती उघडली की ऑइल न गाळताच पुढे जातं. अर्धंकच्चं गाळलेलं नाही, अजिबात न गाळलेलं. आणि ती उघडल्याचं कळायला कोणतीही खूण नसते.

पिस्टनच्या खालच्या रिंगचं काम सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून परत पाठवायचं. तिच्या खाचेत आणि बारीक भोकांत कार्बन भरला, की रिंग जागेवर चिकटते. खरवडणं थांबतं आणि ऑइल वर जाऊन जळायला लागतं. गाडी ऑइल खाऊ लागते. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्यालाही निकामी करतो. चार लिटर मावणाऱ्या इंजिनात तीन लिटर उरलं, की तीच उष्णता, तेवढंच आम्ल आणि तेवढीच काजळी आता तीन लिटरने वाहायची. ऑइल आणखी लवकर बिघडतं, रिंगा आणखी चिकटतात, ऑइल आणखी जळतं. इथून पुढे दोन सर्व्हिसच्या मधला काळ हाच धोका होतो, कारण वेळापत्रक पाळूनही मध्येच चेंबर रिकामं होऊ शकतं. वळणावर किंवा मोठ्या चढावर उरलेलं ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

आधी कोण जातं? टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असेल तर बहुधा तोच. त्याचा शाफ्ट मिनिटाला एक-दोन लाख फेऱ्या घेतो आणि बहुतेकदा ऑइलच्या थरावरच तरंगतो. शेजारी लालबुंद टर्बाइन. जोरात हाकून झटक्यात इंजिन बंद केलं तर तिथलं थांबलेलं ऑइल भाजून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी वाटच बुजलेली असते. झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंग चेनही लवकर बोलायला लागते. चेन ताणली गेली असं म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नसतं. मळक्या ऑइलने तिच्या शेकडो बारीक पिना झिजतात आणि ती झीज एकत्र होऊन चेन लांब होते. तिला आवळून धरणारा टेन्शनर पुष्कळदा ऑइलच्याच दाबावर चालतो, म्हणजे दोन्हीकडून मार.

खरा शेवट मात्र कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. ही बेअरिंगं मुद्दाम मऊ केलेली असतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये कथिल, अँटिमनी आणि तांब्याचा मिश्रधातू बेअरिंगसाठी आणला, तेव्हापासूनची ही युक्ती आहे: कठीण कण आला तर तो मऊ थरात रुतून बसावा, शाफ्टला ओरखडा पडू नये. आज पोलादी पाठीवर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा थर असतो, आणि काही बेअरिंगांत वर शिसं-कथिलाचा वीसेक मायक्रॉनचा मुलामा. ऑइलचा थर एका क्षणासाठी तुटतो. धातू धातूला लागतो, तिथे उष्णता होते. उष्णतेने ऑइल पातळ होतं, म्हणून थर आणखी सहज तुटतो. मुलामा पुसला जातो, फट वाढते, वाढलेल्या फटीतून ऑइल वेगाने निसटतं, तेवढा इतर बेअरिंगांचा दाब कमी होतो. कथिल २३२ अंशांना वितळतं, आणि कोरड्या घर्षणात ते तापमान यायला वेळ लागत नाही. मऊ धातू शाफ्टला फासला जातो, बेअरिंगचा तुकडा आपल्या जागेत फिरतो आणि शाफ्टची पकड घेतो. काही रचनांत तो फिरताना ऑइलचं भोकही झाकतो. सारं काही मिनिटांचं काम. आतून जड ठोका ऐकू येतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारा. त्यावर गाडी चालवली तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतो. दुसरीकडे, भिंतीवरचं ऑइल संपलेले पिस्टन तापून फुगतात. ॲल्युमिनियम बिडापेक्षा साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पिस्टन सिलिंडरला घासून धरला जातो. इंजिन सीझ झालं म्हणतात ते यांपैकी कशानेही.

ठोका ऐकताच इंजिन बंद केलं, तर शाफ्ट पाव मिलिमीटर ग्राइंड करून जाड बेअरिंग बसवता येण्याची शक्यता असते. टोचन करून नेण्याचा कंटाळा फार महाग पडतो.

रेल्वे कंपन्या १९४० च्या दशकापासून इंजिनाच्या ऑइलचा नमुना घेऊन त्यातल्या धातूंचं प्रमाण वर्णपटाने मोजत आल्या आहेत. लोह वाढलं तर सिलिंडर किंवा कॅम, शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ येतेय. शिल्लक किती उरली याचा त्यातल्या त्यात खरा अंदाज हाच. घरच्या गाडीसाठी एवढं कुणी करत नाही. तिथे डिपस्टिक पुरते: सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, पुसून पुन्हा घातलेली पट्टी. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका. क्रँकशाफ्ट ऑइलला घुसळून फेस करतो आणि फेसातली हवा दाबली जाते, भार पेलत नाही. ग्रेड पुस्तिकेतला, दर्जाही पुस्तिकेतला. ‘सिंथेटिक आहे, दुप्पट चालेल’ हे मला पटत नाही. सिंथेटिकचं मूळ तेल उष्णतेला जास्त टिकतं हे खरं, पण पाणी, इंधन आणि काजळी त्यातही तितकीच येते.

जुनी गाडी घेताना ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चने आत बघावं. फिकट पिवळी साय फक्त झाकणाला असेल तर ती सहसा छोट्या फेऱ्यांची. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर कूलंट ऑइलमध्ये येत असण्याची शंका घ्यावी. आत काळा गाळ दिसला तर गॅरेजवाला फ्लश, म्हणजे रसायनाने आतून धुणं, सुचवेल. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. जोरदार फ्लशने वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ एकदम सुटतो आणि थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. आधी चेंबर उतरवून जाळी साफ करावी, मग योग्य ग्रेडचं चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून पहिल्या काही वेळा नेहमीच्या निम्म्या अंतरावरच दोन्ही बदलावं. नव्या ऑइलमधली स्वच्छ करणारी रसायनं गाळ थोडा थोडा सोडवतात आणि तो फिल्टरमध्ये अडकून बाहेर जातो. चिकटलेल्या रिंगा कधी कधी यानेही सुटतात. पुसला गेलेला बेअरिंगचा मुलामा मात्र कुठल्याही ऑइलने परत येत नाही.